कर्करोग संशोधनाच्या वाटेवरची पहिली पायरी

तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेवर असलेल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या बेला, जैनद भागातला कर्करोगाचा पेशंट नागपूरची वाट धरतो, नाहीतर हैदराबादच्या एम. एन. जे. रुग्णालयाची. पेशंट जिल्ह्याबाहेर जातात, पण या रोगावर संशोधन करायला बाहेर पडलेला गोंड, कोलाम किंवा सीमेवरचा मराठी विद्यार्थी क्वचितच भेटतो. मी पेशीजीवशास्त्र शिकवतो. इथल्या बी.एस्सी.च्या मुलांशी बोलताना जाणवते, की हुशारी भरपूर आहे. सुरुवात कुठून करायची, हे सांगणारे मात्र कोणी नाही.

कर्करोगाचे संशोधन म्हटले की मुलांना महागडे यंत्र आणि इंग्रजी आठवते. मी त्यांना बार्शीचे उदाहरण देतो. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला प्रत्येक रुग्ण रुग्णालयात येईलच असे नाही, म्हणून कार्यकर्ते गावोगावी जाऊन चौकशी करत. कोणत्या गावात, कोणत्या वयात, कोणता कर्करोग होतो, हे अशा पायपिटीतूनच कळते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९९८ पासून टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक चाचणी केली. सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुखाची नुसत्या डोळ्यांनी तपासणी करायची, एवढेच तंत्र. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांच्या अखेरीस तपासणी झालेल्या गटात, ती न झालेल्या गटापेक्षा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. योग्य प्रशिक्षण मिळाले तर शिक्षणाची कमतरता आड येत नाही, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

तिसरे उदाहरण एका व्यक्तीचे. कर्करोगाच्या प्रयोगशाळेत स्त्रिया विरळाच होत्या तेव्हा पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. १९७३ साली स्त्री वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या, आणि उतारवयात त्यांनी अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम हाती घेतले. स्वतः पुढे गेलेल्या माणसाने मागच्यांसाठी दार उघडे ठेवायचे असते, हे त्यांनी करून दाखवले.

सरकारी मदत नाही असे नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या वर्षाला ७५० राष्ट्रीय फेलोशिप आहेत. पण त्या पीएच.डी.साठी. आमची मुले त्याच्या कितीतरी आधी, बारावीनंतर किंवा बी.एस्सी.नंतर, गळतात. विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप त्या वयासाठी असते, पण तिची माहितीच जिल्ह्याच्या कॉलेजांपर्यंत पोचत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने संशोधनात मागे राहिलेल्या समाजांसाठी आखलेल्या 'क्युअर' कार्यक्रमाने शाळकरी वयापासून तरुण संशोधकापर्यंत साखळी जोडली. आपल्याकडे तिच्या मधल्या कड्या गायब आहेत.

स्थानिक मुलांना असे टप्प्याटप्प्याने घडवणे आदिलाबादला नवे वाटू नये. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि देवनागरीत गोंडी वाचनपुस्तके निघाली. आधी स्थानिक माणूस घडवायचा, त्याच्या भाषेत सुरुवात करायची आणि शिकताना पोटाची सोय करायची, ही रीत इथे तेव्हाच रुजली होती. कर्करोग संशोधनालाही तीच लागू पडते. पहिले वर्ष गावातल्या तंबाखू-खर्र्याच्या सवयींची आणि रुग्णांची शास्त्रशुद्ध नोंद, दुसऱ्या उन्हाळ्यात प्रयोगशाळा, आणि इंग्रजी त्याबरोबर हळूहळू. गोंडी बोलणारी मुलगी गोंड आजीकडून जे काढून घेईल, ते बाहेरच्या संशोधकाला प्रश्नावली घेऊनही मिळणार नाही.

हा लेख वाचणाऱ्यांत प्रयोगशाळा चालवणारे असतील. येत्या उन्हाळ्यात सीमेवरचा एक विद्यार्थी घ्या. त्याला विद्यावेतन पहिल्या आठवड्यातच द्या आणि राहायची खोली आधी ठरवा. ही सोय नसेल, तर निवडीचे पत्र घरीच पडून राहते.