फेअरबँक्सचे खंडग्रास

अलास्कातल्या फेअरबँक्स गावी हिवाळ्यात सूर्याचा दरारा असा काही उरत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी साडेनऊनंतर उगवतो, भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर येतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतोही. पण पौर्णिमेचा चंद्र तिथे पाहावा! सूर्याच्या समोरासमोर राहायचे, हा पौर्णिमेचा धर्म. सूर्य जितका दक्षिणेला उतरलेला, तितका चंद्र उत्तरेला चढलेला. मध्यरात्री तो चांगला ४४ अंशांवर येऊन उभा राहतो आणि बर्फावर बर्चच्या झाडांच्या सावल्या शाईने काढल्यासारख्या पडतात.

या चंद्राला ग्रहण लागलेले मी पाहिले ते २०२१ साली. ८ नोव्हेंबरला अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दार उघडले आणि पुढच्याच आठवड्यात मी धाकट्या बहिणीकडे पोचले. तिला सातवा महिना होता. आदल्या खेपेला पाचव्यातच सारे संपले होते आणि त्या वेळी आमच्यापैकी कुणालाही तिच्याजवळ जाता आले नव्हते.

गाव थंडीला पुरते सरावलेले. मोटारींच्या तोंडातून विजेची वायर लोंबत असते. रात्री तिचा प्लग लावून इंजिन उबेत ठेवायचे. दारोदारच्या त्या गाड्या दावणीला बांधलेल्या गुरांसारख्या दिसतात.

१८ तारखेच्या रात्री साडेनऊला साताऱ्याहून आईचा फोन आला. तिथे दुसऱ्या दिवशीची दुपार.

"इथं ग्रहण दिसणार नाही, म्हणून वेध पाळायचे नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तुमच्याकडे दिसणार ना गं?"

जिथे दिसत नाही तिथे ग्रहण नाही, हा पंचांगाचा नियम मोठा समंजस आहे. पंचाईत इतकीच, की आईची लेक जिथे दिसत होते तिथे होती.

"आई, मी बघणार आहे," धाकटी म्हणाली. आई रागावली नाही. फोनवर नुसती गप्प राहिली. रागावली असती तर मला उत्तर देता आले असते.

१० वाजून १८ मिनिटांनी स्पर्श झाला. जाड कोटात गुरफटलेली धाकटी माझा हात धरून अंगणात उभी. पाच-दहा मिनिटे बाहेर, की पुन्हा आत शेगडीपाशी, असे आमचे चालले होते. ग्रहणाला घाई मुळीच नव्हती. चंद्र पृथ्वीपासून दूरच्या टप्प्यात असल्याने संथ चालला होता. स्पर्शापासून मोक्षापर्यंत साडेतीन तासांना दोनच मिनिटे कमी. इतके लांबलेले खंडग्रास १४४० नंतर झाले नव्हते.

१२ वाजून ३ मिनिटांनी मध्य आला. सत्त्याण्णव टक्के बिंब झाकले गेले. रंग विझत आलेल्या निखाऱ्याचा. खालच्या कडेला तेवढी एक पांढरी कोर. बर्फावरच्या सावल्या पुसून गेल्या आणि एवढा वेळ चंद्राच्या तेजात हरवलेला कृत्तिकांचा पुंजका त्याच्या शेजारी स्पष्ट दिसू लागला. ज्यांच्यावरून कार्तिकाला नाव मिळाले त्या या कृत्तिका! वर्गात महिन्यांची नावे मी कितीदा तरी समजावून सांगितली आहेत. कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र आणि कृत्तिका मात्र अशा शेजारी पाहिल्या त्या ध्रुववृत्ताच्या दाराशी.

धाकटीने तिथूनच फोन लावला. "आई, लाल झालाय बघ."

"तू बरी आहेस ना?"

"पोटात नुसता धुडगूस चाललाय."

"मग आत जा आता. डोक्याला काही बांधलंयस का?" आणि मग हळूच, "लाल म्हणजे कसा गं? कुंकवासारखा?"

"नाही. तांब्याच्या जुन्या घागरीसारखा."

"तू जेवलीस का?" मी विचारले. तिकडे अडीच वाजून गेले होते.

"सुटू दे आधी," आई म्हणाली.

साताऱ्यात वेध नव्हते. पंचांगात तसे छापलेले होते. पावणेदोनला मोक्ष झाला, अंगण पुन्हा लख्ख झाले, आणि आम्ही फोन केला तेव्हा आमटी गरम करायला ठेवल्याचा आवाज ऐकू आला.