जोड उकलता यावा

तुटलेली वस्तू समोर आली की मी आधी तुटल्या कडेवर पाण्याचा एक थेंब सोडतो. जिरला तर एक वाट, मोत्यासारखा उभा राहिला तर दुसरी.

लाकूड, कागद, कापड पाणी पितात. फेव्हिकॉलमधलं पाणी त्यांच्यात मुरतं, उडून जातं, आणि जोड धरतो. म्हणून खुर्चीचा पाय बसवताना जुन्या गोंदाची खपली खरवडून काढायची, पातळ थर द्यायचा, सुतळीने आवळून रात्रभर हात लावायचा नाही. काचेवर, स्टीलवर मात्र तेच फेव्हिकॉल कितीही थापलं तरी सुटतं. तिथे दोन नळ्यांचं अ‍ॅराल्डाइट. कपाचा कान फेव्हिक्विकने क्षणात बसतो खरा, पण गरम चहा आणि रोजचं विसळणं त्याला सोसत नाही. अशा कपात पेनं ठेवावीत. पॉलिथिनच्या बादलीला तर यातलं काहीच धरत नाही.

माझा खरा जीव कागदात. पोथ्या, जुनी पंचांगं, कुणाच्या आजीची पाककृतींची वही. त्यांना मी खळच लावतो. मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन खळ काहीशी पारदर्शक झाली, चमच्यावरून जाड धारेने पडू लागली की उतरवून फडक्यातून गाळायची. कीड लागू नये म्हणून बाइंडर तीत मोरचूद घालतात. ते विषारी, म्हणून मी घालत नाही. लागेल तेवढीच ताजी शिजवतो. शाई पाण्याने पसरते का, हे कोपऱ्यात आधी पाहायचं. मग पातळ कागदाची पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडायची, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि पानात मिसळून जातात.

खळ ओलाव्याने पुन्हा सुटते, यालाच मी तिचा मोठा गुण मानतो. वाद्यांच्या कारागिरांचा सरसही असाच: ऊब आणि ओल दिली की जोड उकलतो, वाद्य खोलता येतं. माझ्यानंतर जो कुणी हे पान हातात घेईल, त्याला माझं काम काढून अधिक चांगलं करता आलं पाहिजे.

सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, वरचं प्लास्टिक गळून जातं आणि चिकट तपकिरी डाग अक्षरांत उतरतो. तो पाण्याने निघत नाही. घरातली जुनी वही फाटली असेल तर कृपा करून तिला टेप लावू नका. पानं लिफाफ्यात घालून ठेवा, आणि सवड झाली की थोडा मैदा शिजवा.