इच्छाधारी नायकाचे गुणगान

चांगल्या चित्रपटाची स्तुती कोणीही करील. आज मी एका सपशेल आपटलेल्या चित्रपटाची करणार आहे. चित्रपट २००२ सालचा, नाव 'जानी दुश्मन : एक अनोखी कहानी'.

दिग्दर्शक राजकुमार कोहली यांनी १९७६ साली 'नागिन' काढला होता. नाग मारला जातो आणि रीना रॉयची नागीण एकेकाला गाठून सूड घेते. चित्रपट धो धो चालला. एकदा विक्रमी उतारा मिळाला की शेतकरी तेच बी पुन्हा पेरतो. कोहलींनीही सव्वीस वर्षांनी तेच पेरले. फक्त नागिणीच्या जागी नाग आणला आणि नाग म्हणून घरचेच चिरंजीव, अरमान कोहली, उभे केले. जोडीला सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोइराला, शिवाय गायक सोनू निगम! एका वाफ्यात एवढे खत ओतल्यावर पीक जळेल नाहीतर काय?

पण नायकाचा अभ्यास वाखाणण्याजोगा. सापाला पापण्या नसतात, हे आम्ही कॉलेजात शिकलो. या नटाने ते इतके मनावर घेतले की प्रेम असो, दुःख असो वा संताप, चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. सापाला बाहेरचे कान नसतात. हाही समोरच्याचे काही ऐकू येत नसल्यासारखाच बोलतो. गोळी झाडा, काही करा, मरत नाही. औषधाला असे दाद न देणारे मी फक्त कपाशीवरच्या बोंडअळीत पाहिले आहे.

थट्टा पुरे. या चित्रपटाचे आपल्यावर एक खरे उपकार आहेत. 'नागिन' चांगला जमला, म्हणून नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो, हे लोकांना पटले. 'जानी दुश्मन' इतका फसला की तेच पाहून लोक पोट धरून हसले. जी समजूत आम्हाला व्याख्याने देऊन हलवता आली नाही, ती या नायकाने नुसते उभे राहून खिळखिळी केली!

साप सूड धरत नाही, कुणाचा चेहरा ध्यानात ठेवत नाही. एक मारला आणि दुसरा दिसला, तर तो जोडीदार असेलच असे नाही. कणगीखाली उंदीर असतात, परसात अडगळ असते, म्हणून तो येतो. उंदीर खाणारी बिनविषारी धामण तर आपली बिनपगारी राखणदार. तीही या धाकापायी काठीखाली जाते.

धाकाची खरी किंमत मात्र माणूस मोजतो. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक खेड्यांतली. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, या चौघांच्या विषावर लस आहे. पण 'नाग कोपला' म्हणून माणूस आधी मांत्रिकाकडे नेला, तर ती लस काय करील? लिंबाचा पाला खायला घालून कडू लागते का पाहण्यात जी घटका जाते, तीच जीव वाचवणारी असते.

म्हणून सांगतो. रात्री दारे धरायला जाताना हातात बॅटरी आणि पायांत बूट असू द्या. पावसाळ्यात जमिनीवर न निजता खाटेवर मच्छरदाणी लावून निजा. मण्यार रात्रीच फिरते आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. दंश झालाच तर जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चालवू नका, हातपाय फार हलवू देऊ नका आणि मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठा.

आणि कुणी 'नाग डूख धरतो' म्हणाले, तर त्याला अरमान कोहलींचा हा चित्रपट आवर्जून दाखवा. शेवटपर्यंत बसला, तर त्याची समजूत उतरलीच म्हणून समजा.