उकिडवे बसणाऱ्यांची हाडे

2024 साली बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मान्यता मिळाली, 100 जागांची. तिथे पहिल्याच वर्षी मुलांच्या हाती हाडे येतात, आणि हा अभ्यास म्हणजे 206 नावांचे पाठांतर अशी बाहेर समजूत असते. पण तो आकडाच मुळात सैल आहे. सुश्रुताने 300 हाडे मोजली, चरकाने 360. चरकाने दातांबरोबर नखेही धरली होती. नवजात बाळाची हाडे मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त, पुढे ती जुळत जातात. एखाद्याला मानेशी जादा बरगडी असते, एखाद्याचा कमरेचा शेवटचा मणका माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत मिसळून गेलेला असतो. म्हणून मला वाटते, सांगाडा शिकायचा तो अनेक माणसांच्या खऱ्या हाडांवरून, आणि ती माणसे शक्यतो आपल्याच मुलखातली असावीत.

याचा पुरावा घोट्यापाशी सापडतो. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडण बदलते, हे युलियस वुल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने 1892 मध्ये मांडले. त्याच दशकात लाहोरला शरीररचना शिकवणाऱ्या हॅव्हलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांची हाडे तपासली. उकिडवे बसताना नडगीच्या खालच्या टोकाची पुढची कड घोट्यातल्या हाडावर टेकते आणि तिथे गुळगुळीत चट्टा उमटतो, तो त्यांनी नोंदवला. असा चट्टा अर्भकांतही दिसल्याने तो उपजत की कमावलेला, हा वाद झाला. तरी उकिडवे बसण्याची सवय असलेल्या समाजांत तो कितीतरी अधिक आढळतो. कपाशी-सोयाबीनच्या तासांत निंदणाला बसणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या पायात तो असणारच असे नाही, पण शोधायचा तर तिथेच. क्ष-किरण चित्रात ही खूण पाहून नव्या डॉक्टरने तिला आजार समजू नये, एवढी तरी ओळख हवी.

प्लास्टिकचा सांगाडा स्वस्त, धुता येणारा, आणि कुणाचा अपमान न करणारा, असे म्हणतात. ते खरे आहे. नावे आणि डावे-उजवे ओळखायला तो पुरतो. पण साच्यातून निघालेली हजार हाडे म्हणजे एकाच माणसाचे हाड. मानाचा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. 1985 मध्ये बंदी येईपर्यंत भारतातून मानवी सांगाडे परदेशी विकले जात, त्यांतले कित्येक कबरी उकरून काढलेले. 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याने मुंबई राज्यात बेवारस मृतदेह महाविद्यालयांना मिळू लागले, म्हणजे ज्यांना विचारणारे कुणी नव्हते तेच कामी आले. याला उत्तर खरी हाडे नाकारणे हे नव्हे. उत्तर आहे स्वखुशीने केलेले देहदान.

तिसऱ्या दिवशी राख सावडून अस्थी नदीत सोडणाऱ्या घराला हे जड जाते, आणि ते दुःख लहान नाही. विधी देहाशिवाय करणारी घरे आहेत, तरी कुणावर बळजबरी नको. मात्र अर्ज भरलेला असला तरी देह सोपवतात ते घरचेच. त्यांचे मन वळलेले नसेल तर कागद घरातच राहतो. बुलढाण्यात घर घाटावरचे असो की घाटाखालचे, देहदानाचे बोलणे माणूस धडधाकट असतानाच, मुलासुनांसमोर व्हायला हवे.