पेन्सिल हातात देण्याआधी



मागच्या महिन्यात तुमच्यापैकी दोघी-तिघींनी एकच प्रश्न विचारला. नातवंड चार-साडेचार वर्षांचं आहे, शाळा रोज दोन-दोन पानं लिहून आणायला सांगते, आणि पोर वही पाहिली की रडतं. काय करावं? माझ्याकडे याचं ताजं उत्तर आहे, कारण या उन्हाळ्यात सूनबाई नातवाला घेऊन पुण्याहून आरोंद्याला आली ती हेच दुखणं घेऊन. बरोबर सुट्टीची साठ पानांची वही. ओळीवर ओळी गिरवायच्या. नातू पेन्सिल मुठीत धरायचा, इतकी दाबायचा की कागद फाटायचा, आणि दुसऱ्या दिवशी वही गादीखाली सापडायची. त्यात तो डावखुरा. आमच्या वन्सं आल्या त्याच दिवशी म्हणाल्या, "आत्ताच हात बदला, पुढे पूजेला बसायचं आहे त्याला." सूनबाई काही बोलली नाही, पण रात्री भांडी आवरताना तिचे डोळे भरून आले. "आई, हा पहिलीत मागे पडेल हो," एवढंच म्हणाली.

मी तिला आधी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षांचा काळ पायाभरणीचा म्हणून एकत्रच धरला आहे. म्हणजे घाई कुणाला असली तर ती मुलाला नाही. दुसरी गोष्ट हाडांची. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चाच असतात, मग वर्षांमागून वर्षं एकेक करून हाड बनतात. शेवटचं तर नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. त्या कोवळ्या मनगटाकडून आपण पानभर 'अ' मागतो.

मी कॉमर्सची. आमच्या वेळी जर्नल, लेजर सगळं हाताने लिहायचं, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते: हाताच्या खात्यात आधी जमा हवी, मग लिहिण्याचा खर्च. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आसपास चौकोन आणि त्यानंतर त्रिकोण. तिरकी रेघ सर्वांत उशिरा जमते. अक्षरात हे सगळं एकदम लागतं.

तेव्हा वही कपाटात गेली आणि आम्ही स्वयंपाकघरात बसलो. आपल्या घरात धान्य निवडणं रोजचंच. मूग ताटात पसरायचे, खडा एका वाटीत, किडा सापडला तर अलगद उचलून कागदावर घ्यायचा आणि अंगणात सावलीला सोडायचा. नातवाला एकच नियम सांगितला: किड्याला लागता कामा नये. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, याच तीन बोटांत पुढे पेन्सिल बसते. आणि 'दाबू नकोस' हे जे शिक्षिका वर्षभर सांगत होत्या, ते त्या किड्याने आठ दिवसांत शिकवलं. जीवदयेचा धडा झाला तो वेगळाच.

बाकी कामंही अशीच. मटार सोलणं, कणकेच्या गोळ्या करणं, रुमाल पिळून दोरीवर चिमट्याने लावणं. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत उरकलं की बाहेर जांभ्याच्या गडग्यावर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघा. उभ्या भिंतीवर काढताना खांदा आणि मनगट दोन्ही कामाला लागतात, आणि पाणी सुकलं की चूकही पुसली जाते. पाटीवर लिहायला पेन्सिलीचा बोटभर तुकडाच द्यायचा. लांब असली की मूठ वळते, तुकडा मुठीत मावतच नाही.

हे काही माझं डोकं नाही. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं, तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. महागडी साधनं कुठून आणायची? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांनाच साधनं केलं. आपल्या किनाऱ्यावर यातलं काय कमी आहे? मी परातीत तेरेखोलच्या काठची वाळू घेतली, झाली पाटी.

आता अक्षरं. आमच्या देव्हाऱ्यापुढे पाटावर मी रोज तांदळाचा स्वस्तिक काढते, वर तीन पुंज, त्यावर चंद्रकोर आणि बिंदू. नातू शेजारी बसून काढू लागला. चार गती, रत्नत्रय, सिद्धशिला हे सगळं त्याला कळेल तेव्हा कळेल. पण उभी रेघ, आडवी रेघ, टिंब आणि अर्धगोल एवढं त्याच्या बोटांत आलं, आणि देवनागरीचं बरंचसं सामान तेच आहे. मग 'अ' पासून न जाता 'ग म भ न' घेतलं. यात काना सगळीकडे आहे, डावीकडचा भागच तेवढा बदलतो. 'अ' हे अवघड अक्षर, ते नंतर.

राहिला डावा हात. वन्संना मी वाद घातला नाही. आदिनाथ भगवंतांची कथा त्यांनाच आठवून दिली. परंपरा सांगते की ऋषभदेवांनी ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी शिकवली आणि सुंदरीला डाव्या हाताने अंक. ज्या हाताने सुंदरीला गणित मिळालं तो हात अशुभ कसा? वन्सं जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पूजा मात्र उजव्याने हं." म्हटलं, चालेल. अक्षता त्याने उजव्या हाताने वाहाव्यात, लिहावं डाव्याने. मुलाला यात काही अवघड वाटलं नाही.

डावखुऱ्या नातवंडांसाठी एवढं लक्षात ठेवा. वही थोडी डावीकडे सरकवून तिचा वरचा भाग उजवीकडे कलता ठेवा, म्हणजे मनगट आकड्यासारखं वळवावं लागत नाही. पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, नाहीतर हाताआड अक्षर दिसत नाही. गिरवायचा नमुना उजव्या बाजूला लिहा, डावीकडचा तो स्वतःच्या हाताने झाकतो. डावं कोपर कुणाला लागणार नाही असं बसवा. आणि पाच वर्षं उलटूनही हात फार थरथरत असेल, बटण-चमचाही जमत नसेल, तर घरगुती उपाय करत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दीड महिन्यात काय झालं? नातू सुंदर लिहू लागला असं नाही. 'म' अजून कधीकधी उलटा येतो. साठातली अकराच पानं भरली. पण ती त्याने आपणहून भरली, आणि पेन्सिल मुठीतून बोटांत आली. जाताना वही त्याच्याच पिशवीत होती. सूनबाईने शाळेत जाऊन रोज अर्धंच पान द्या अशी विनंती केली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी तिला म्हटलं, नाही म्हणाले तरी अर्ध्या पानावर तूच उठव त्याला, उरलेलं कोरं राहू दे. वहीतल्या शेऱ्याला तू सही कर, त्याला दाखवू नकोस.

तुमच्याकडे उद्या मूग निवडायचे असतील तर शेजारी एक छोटं ताट ठेवून बघा.