प्रवासाची शिदोरी आणि आठवड्याची चूल

प्रवासाची शिदोरी म्हणजे निघण्याच्या आदल्या रात्री घरातील बाईने एकटीने चुलीपुढे बसून उरकावयाचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. गावोगावी आम्ही हेच पाहत आलो आहोत. पुरुषमंडळी पेट्यांना दोऱ्या बांधतात, मुले आनंदाने नाचतात, आणि घरची माउली मध्यरात्र उलटेपर्यंत पुऱ्या तळत असते. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर सर्वांना खिडकी हवी असते. तिला मात्र झोप हवी असते. ही रीत बदलता येते आणि ती बदलण्यास पैसाही लागत नाही, असा आमचा अनुभव आहे. शिदोरी एका रात्रीत करावयाची नसतेच मुळी. ती आठवड्याच्या स्वयंपाकातून थोडी थोडी बाजूला काढावयाची असते.

आमच्या पांढुर्णा–सौसर भागातील लोकांना लांबचा प्रवास नवा नाही. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर एका राज्यात गेले व आम्ही दुसऱ्या राज्यात राहिलो; पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु आमचा बाजार, आमचे दवाखाने आणि आमच्या गाड्या यांचे तोंड नागपूरकडेच आहे. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी मार्गावरील स्थानक. सौसरकरांची छोटी लाईन २०१५ साली बंद झाली व तिच्या जागी मोठी लाईन आली. ज्यांनी त्या छोट्या गाडीने नागपूर गाठले आहे, त्यांना भाकरी आणि ठेचा यांच्या पुरचुंडीची किंमत वेगळी सांगावयास नको. दिल्लीहून पांढुर्ण्यावरून चेन्नईकडे जाणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस १९२९ साली सुरू झाली, तेव्हा ती पेशावरपासून मंगळूरपर्यंत धावे आणि त्या प्रवासास १०४ तास लागत. त्या काळच्या उतारूंनी घरून काय काय बांधून नेले असेल, याचे आम्हांस नेहमी कुतूहल वाटते.

गेल्या जानेवारीत आम्ही वेलांकनीस जाऊन आलो. आमच्या घरच्या आजींनी दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुखण्यातून उठल्यावर आरोग्यमातेला नवस केला होता. त्यांचे वय शहात्तर, मधुमेह जुना. साखर कमी करण्याची गोळी त्यांना दोन वेळा घ्यावी लागते, आणि गोळी घेतली की जेवण टळून चालत नाही. डॉक्टरांनी प्रवासास हरकत घेतली नाही, पण एक अट घातली. गाडी उशिरा पोचली तरी चालेल, जेवण उशिरा होता कामा नये. पोटात अन्न नसताना औषधाने साखर फार उतरली तर घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस गोंधळतो, आणि वेळीच गोड काही दिले नाही तर बेशुद्धही पडतो. तेव्हा आमच्या पुढचा प्रश्न काटकसरीचा नव्हता, हौसेचाही नव्हता. म्हातारीचे ताट कोणत्याही स्थानकाच्या किंवा फेरीवाल्याच्या भरवशावर ठेवावयाचे नाही, एवढे ठरले.

मग आम्ही प्रथम वेळा मोजल्या. किलोमीटर मोजून शिदोरी होत नाही. बुधवारी सकाळी पांढुर्ण्याहून निघावयाचे, नागपुरास चेन्नईची गाडी धरावयाची, गुरुवारी सकाळी चेन्नई, दिवसभर तेथे थांबून रात्री एग्मोर स्थानकावरून नागपट्टणमची गाडी, आणि शुक्रवारी सकाळी उतरून पुढे मोटारीने वेलांकनी. बुधवारची दुपार व रात्र, गुरुवारची सकाळ, दुपार व रात्र, अशा पाच जेवणवेळा झाल्या. जाणारे पाच जण: आजी, आम्ही उभयता आणि दोन मुले. गुरुवारची दुपार चेन्नईत ताज्या गरम अन्नावर काढता येणार होती. उरलेल्या चार वेळा घरून न्यावयाच्या.

आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो, म्हणून आमच्या घरचा आठवडा सोमवारी सुरू न होता गुरुवारी सुरू होतो. ज्या भगिनी आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवीत नाहीत, त्यांना हे विचित्र वाटेल. परंतु बाजाराची पिशवी हेच खरे पंचांग आहे. पिशवीतले जे आधी कोमेजते ते आधी खावयाचे. गुरुवार-शुक्रवारी मेथी, पालक; त्यानंतर वांगी, कोबी; मग भोपळा आणि बटाटे; आणि बाजाराच्या आदल्या दिवसांत मुगाच्या वड्या, झुणका, सांडगे यांवर भागवावयाचे. शुक्रवारी मांस नाही आणि रविवारी मिस्सानंतर कोंबडीचा रस्सा, हे दोन दिवस आमच्याकडे कोणाला विचारावे लागत नाहीत. राहिलेले पाच दिवस मात्र विचार करूनच भरावे लागतात.

या नेहमीच्या आठवड्यातच आम्ही शिदोरी बसविली. निघण्याच्या आधीच्या गुरुवारी शेंगदाणे, गूळ, डाळे, बेसन व लिंबे जरा जास्त आणली. शुक्रवारी मेथीची भाजी व वरण-भात झाल्यावर त्याच चुलीच्या विझत्या आचेवर गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून ठेवली. शनिवारी मुलगा नेहमीचे दळण घेऊन चक्कीवर गेला, त्या दळणाबरोबरच सातूचे पीठ झाले. वेगळी खेप पडली नाही. त्याच संध्याकाळी कणीक तुपावर खमंग भाजून, गूळ घालून गूळपापडीच्या वड्या थापल्या. या वड्यांत पाण्याचा थेंब नसतो, म्हणून त्या आठ-दहा दिवस सहज टिकतात. रविवारी काहीच केले नाही. विसाव्याचा दिवस प्रवासाच्या नावाखाली खर्च करू नये, हे आमचे ठाम मत आहे. सोमवारी भरल्या वांग्यांसाठी शेंगदाण्याचे कूट करावयाचेच होते. दाणे दुप्पट भाजले. निम्म्यांचे कूट वांग्यांत गेले व निम्म्यांची लाल तिखट, जिरे व मीठ घालून कोरडी चटणी झाली. मुरमुऱ्यांचा चिवडाही त्याच दिवशी बरणीत गेला. असे करता करता मंगळवारी रात्रीसाठी फक्त दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या राहिल्या. त्या दिवशी घरच्या ताटात झुणका आणि भाकर. पाहुणे आले असते तरी आम्ही दुसरे काही रांधले नसते!

दशमी म्हणजे दुधात भिजविलेल्या कणकेची पोळी. आमच्याकडे एक किलो कणकेस सुमारे सहाशे मिलिलिटर दूध लागते. दूध उकळून निववावे, कणकेत मीठ व तीन चमचे तेल घालावे, आणि पाणी मुळीच लावू नये. ज्वारीची भाकर आमची लाडकी खरी, पण दुसऱ्या दिवशी ती गाडीत लाकूड होते. दशमी मऊ राहते. दशम्या व पुऱ्या पूर्ण निवेपर्यंत कापडावर पसराव्यात. गरम असताना डब्यात भरल्या तर आत वाफेचे पाणी सुटते आणि बुरशीला घर मिळते. दशमी गुरुवारच्या न्याहारीपलीकडे ठेवावयाची नाही, उरली तर टाकून द्यावयाची, असे आम्ही आधीच ठरविले होते. बटाट्याची सुकी भाजी तर बुधवारी पहाटे केली, आणि ती फक्त दुपारच्या जेवणापुरती. तीत कांदा, टोमॅटो, ओले खोबरे घातले नाही. हे तिन्ही पदार्थ भाजी लवकर आंबवितात.

शिजविलेला भात मात्र आम्ही नेत नाही. भात शिळा झाला की फार तर वास येईल, असे लोक समजतात. परंतु तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजे असतात व ती उकळण्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला म्हणजे ती वाढतात, आणि त्यांनी केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. वासावरून हे कळतच नाही. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची उष्णता जंतूंना मानवते, म्हणून ओले शिजलेले अन्न अशा हवेत दोन तासांहून अधिक ठेवू नये असे आरोग्यशास्त्र सांगते. दशमी, चटणी, वडी यांत पाणी कमी, म्हणून त्यांची गोष्ट निराळी. येथे जानेवारी महिन्यात आपली फसगतही होते. पहाटे घरी इतकी थंडी असते की, कालची भाजी आज खुशाल खावी असे वाटते. तीच भाजी डब्यात घेऊन माणूस रात्रीतून आंध्रात उतरला की हवा दमट व उबदार होते. शिदोरी बांधताना आपल्या अंगणातील हवा पाहू नये. जेथे डबा उघडावयाचा तेथील हवा विचारात घ्यावी.

गाडीत स्टोव्ह किंवा लहान शेगडी नेऊन चहा करण्याची काही यात्रेकरूंना सवय असते. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या एका डब्यात चोरून आणलेल्या गॅसच्या सिलिंडरमुळे आग लागली व नऊ जणांचे प्राण गेले. तेही आपल्यासारखेच देवदर्शनास निघालेले संसारी लोक होते. ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि चहा तर प्रत्येक स्थानकावर मिळतो.

घरी राहणाऱ्यांचेही पोट असते, हे शिदोरीच्या गडबडीत विसरले जाते. आबा बैलांसाठी मागे राहिले, आणि वेचणीचा कापूस घरात असल्याने थोरला मुलगाही. त्या दोघांसाठी सात दिवसांचे कोष्टक आम्ही एका कागदावर लिहून मिठाच्या बरणीमागे लावले. मुगाच्या वड्या, चटणी, लोणचे यांच्या बरण्या हाताशी ठेवल्या. शेजारच्या काकूंनी रोज सहा भाकरी टाकून देण्याचे कबूल केले; त्यांच्या घरच्या लग्नात आम्ही ते फेडू. वरण, भात आणि खिचडी मुलाला येते. ती त्याला बाराव्या वर्षीच शिकविली होती व त्यावरून वाड्यात थोडी थट्टाही झाली होती. मुलगा चुलीशी बसला तर त्याचे काय बिघडते, हे आम्हांस आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

गाडीत आजींची पिशवी निराळी ठेवली होती. तीत त्यांच्या गोळ्या, चार दशम्या, चटणी, मीठ-जिरे घातलेले सातूचे पीठ, आणि एका लहान डबीत साखर. साखर त्यांच्या रोजच्या खाण्याची नव्हे. थरथर किंवा घाम सुरू झालाच तर तीन चहाचे चमचे पाण्यातून द्यावयाची व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावयाचे, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. वेळा त्यांनी स्वतःच घड्याळाकडे पाहून पाळल्या. वारंगळच्या अलीकडे रात्री गाडी एका ठिकाणी बराच वेळ खोळंबली. डब्यातील बरीच मंडळी पुढच्या स्थानकावर जेवू म्हणून थांबलेली होती. लहान मुले रडू लागली. एक वृद्ध गृहस्थ तर पुन्हापुन्हा दारापर्यंत जाऊन अंधारात डोकावत होते. आजींनी साडेसात वाजता गोळी घेतली, दोन दशम्या चटणीशी खाल्ल्या, आणि पिशवीतील तिसरी त्या गृहस्थांपुढे धरली. आमच्या मुलांनी आपला चिवडा समोरच्या मुलांत वाटला. घरून नेलेली पंचवीस संत्री, आंबिया बहाराची शेवटची फळे, विजयवाड्याला कृष्णा ओलांडण्यापूर्वीच निम्मी संपली होती. संत्र्यासारखे प्रवासी फळ नाही. त्याची साल हीच त्याची डबी. चाकू लागत नाही, धुवावे लागत नाही.

विकतच्या अन्नाविषयी आमचा मुळीच आकस नाही. रेल्वेने २०२४ साली अनेक स्थानकांवर सर्वसाधारण डब्यांसमोर वीस रुपयांत पुऱ्या, सुकी भाजी व लोणचे देण्याची सोय केली, ती गोरगरिबांच्या फार उपयोगाची आहे. मात्र ती स्थानकावर मिळते, आणि गाडी नेहमी स्थानकावरच थांबते असे नाही.

वेलांकनीस तीन दिवस राहिलो. आजींनी नवस फेडला, समुद्र पाहिला, मेणबत्ती लावताना त्या काय पुटपुटल्या ते आम्ही विचारले नाही. परतीच्या वाटेवर चूल आपली नव्हती, आणि येथे एका तमिळ कुटुंबाने आम्हांस उपयोगी धडा दिला. त्यांच्याकडे प्रवासाला इडल्या नेतात, पण चटणी ओली नसते. इडली निवली की तिला तिळाचे तेल आणि मिरची-डाळीची कोरडी पूड दोन्ही बाजूंनी माखतात व केळीच्या पानात बांधतात. तीही त्याच दिवशी खाऊन टाकतात. दुसरा त्यांचा पदार्थ चिंचेच्या कोळात व तेलात परतलेला भात. तो आंबट असल्यामुळे साध्या भातापेक्षा बराच टिकतो, असे त्या गृहिणीने आम्हांस खुणांनी व मोडक्या हिंदीत समजावून दिले. आजींनी इडल्यांचे पान बांधून घेतले, भात नको म्हणाल्या. त्या पुडीची कृती आम्ही लिहून आणली आहे. उडीद डाळ, हरभरा डाळ, तीळ, सुक्या मिरच्या, हिंग व मीठ, सर्व कोरडे भाजून जाडसर दळावयाचे. सध्या आमच्याकडे मंगळवारी ती ज्वारीच्या भाकरीबरोबर जवसाच्या तेलात कालवून खाल्ली जाते, आणि आबांना ती झुणक्याहून आवडू लागली आहे.