इंडिकेटरखाली

दोन माणसांना एकमेकांना भेटायचं आहे, पण आधी बोलून ठरवायची काहीच सोय नाही. मग दोघांनी जायचं कुठे? थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९६० साली आलेल्या पुस्तकात हा प्रश्न न्यूयॉर्क शहराबद्दल मांडला होता. त्याने ज्यांना विचारलं त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच होतं: ग्रँड सेंट्रल स्टेशनचं चौकशीचं काउंटर, दुपारी बारा वाजता. आपल्याकडे हा प्रयोग कुणी केला असता तर उत्तर आलं असतं, सीएसटीला इंडिकेटरखाली. मोबाइल नव्हते तेव्हा अख्खी मुंबई तिथे भेटत होती. 'दादरला भेटू' म्हटलं तर मात्र लगेच पुढचा प्रश्न यायचा, सेंट्रल की वेस्टर्न?

हॅम रेडिओवर कीबोर्डने गप्पा मारणाऱ्यांचा रोजचा प्रश्न हाच आहे. तुमच्यासमोर काही लाख हर्ट्झचं मैदान मोकळं आहे. त्यात जगात कुठेतरी बसलेला, तुम्हाला माहीत नसलेला माणूस तुमची हाक ऐकायला हवा. मधे सर्व्हर नाही, ग्रुप नाही, अ‍ॅडमिन नाही. मी दिवसभर ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो तिथे हे कोडं कधीच सुटलेलं आहे. वेबसाइट ४४३ नंबरच्या पोर्टवर असणार हे ब्राउझरला न विचारता माहीत असतं. रेडिओवर तसा आकडा कुणी छापून दिला नाही. तो सवयीने पडला, आणि जगाच्या प्रत्येक कोपऱ्याची सवय वेगळी.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीएसके३१ ही पद्धत पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने १९९८च्या सुमारास लोकांसमोर आणली. रेडिओला कॉम्प्युटरचं साउंडकार्ड जोडायचं आणि टाइप करायचं. अक्षरांची शिट्टी होते, ती हवेतून जाते, पलीकडच्या स्क्रीनवर पुन्हा अक्षरं उमटतात. वेग सेकंदाला ३१.२५ बिट्स, म्हणजे साधारण माणूस जितक्या वेगाने टाइप करतो तितकाच. जास्त वापरातल्या अक्षरांना छोटे कोड, कमी वापरातल्यांना लांब. इंग्रजी 'ई'ला दोनच बिट लागतात, कॅपिटल अक्षरांना बरेच जास्त. म्हणून जुनी मंडळी सगळं स्मॉल लेटर्समध्ये लिहितात. एका संभाषणाला जेमतेम ३०-४० हर्ट्झ जागा पुरते. एका माणसाच्या बोलण्याला जितकी जागा लागते तितक्यात टायपिंगची डझनावारी संभाषणं शेजारी शेजारी मावतात. स्क्रीनवरच्या 'वॉटरफॉल'मध्ये ती रांगोळीच्या रेघांसारखी खाली ओघळताना दिसतात, हव्या त्या रेघेवर क्लिक करायचं आणि वाचायचं.

२० मीटरच्या पट्ट्यावर काही अडचण नाही. १४.०७० मेगाहर्ट्झ हा खरोखरचा इंडिकेटर आहे. युरोप, अमेरिका, आशिया, सगळे तिथेच जमतात. संध्याकाळी पुण्यातून रेडिओ लावला की इटली, रशिया, युक्रेनच्या रेघा दिसतात. अमेरिका अवघड, कारण आपल्याकडून तिकडचा सरळ रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि तिथलं आकाश लहरी गिळून टाकतं. मला लायसन्स मिळालं तेव्हा मी २० मीटरच निवडला, पण त्यामागे अभ्यास कमी आणि गच्ची जास्त होती. या पट्ट्याच्या डायपोल अँटेनाला एकूण १० मीटर तार लागते. आमच्या सोसायटीने मोठ्या मिनतवारीने तेवढीच परवानगी दिली होती. जगभरातल्या समित्या काहीही ठरवोत, तुमची फ्रिक्वेन्सी शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी ठरवतात.

मला हा नाद ज्यांनी लावला ते काका सांगलीजवळ राहतात. साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. तीसेक वर्षं ते ४० मीटरवर रोज सकाळी बोलायचे. आवाज असा की रिसिव्हरमध्ये कितीही खरखर असली तरी पहिल्या शब्दाला ओळखू यावा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. सकाळच्या नेटवर हजेरी घेताना त्यांचा कॉलसाइन पुकारला जायचा. थोडी शांतता, मग पुढचं नाव. काका ते रोज ऐकत होते. काकूंनी मला फोनवर सांगितलं, ऐकतात आणि उठून अंगणात जातात.

मी त्यांना इंटरफेस बांधून दिला, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं. टायपिंग त्यांना दोन बोटांनीच यायचं, पण पीएसके३१ला तेवढा वेग पुरतो. पहिल्याच आठवड्यात त्यांचं १४.०७० वर एका इटालियन माणसाशी तासभर बोलणं झालं. माझ्याशी मात्र एक अक्षर नाही.

याला कारण भौतिकशास्त्र. पुणे ते सांगली सरळ अंतर सुमारे २०० किलोमीटर. १४ मेगाहर्ट्झची लहर तिरकी वर गेली तर आयनोस्फिअरवरून परतते, पण हजार-दोन हजार किलोमीटर पुढे जाऊन पडते. सरळ वर गेली तर सहसा आरपार निघून जाते. जमिनीलगतची लहर काही दहा किलोमीटरांतच दम टाकते. मधला सगळा प्रदेश मुका. सांगलीहून रोम लागतं, पुणे लागत नाही. ७ मेगाहर्ट्झची लहर मात्र दिवसा जवळपास सरळ वर जाऊनही परत येते आणि छत्रीसारखी आसपासच्या जिल्ह्यांवर पसरते. आपल्याकडच्या सकाळच्या गप्पा ४० मीटरवर चालतात त्या याचसाठी.

म्हणजे ४० मीटरवर जायचं हे नक्की झालं. पण ४० मीटरवर कुठे? इथे दादर येतं.

रेडिओच्या जगाचे तीन प्रदेश आहेत. युरोप-आफ्रिका पहिला, अमेरिका खंड दुसरा, आपण तिसरे. अमेरिकेला या पट्ट्यात ७.० ते ७.३ मिळतं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रदेशात २००९पर्यंत फक्त ७.० ते ७.१ होतं, त्यावर आकाशवाण्यांची दणकेबाज प्रक्षेपणं. २००३च्या जागतिक परिषदेने ठरवल्याप्रमाणे मार्च २००९पासून ७.२पर्यंतचा भाग हॅम लोकांसाठी मोकळा झाला. पण सवयी आधीच पडल्या होत्या. अमेरिकेत आवाजाचा भाग बराच वर, कायद्यानेच ७.१२५च्या पुढे. त्यामुळे तिथले टायपिंगवाले ७.०७० वर ऐसपैस बसले. आपल्याकडे आणि युरोपात मोर्स, टायपिंग, बोलणं सगळं एकाच १०० किलोहर्ट्झच्या चाळीत. अमेरिकेतली ओसरी ती आपली बैठकीची खोली. युरोपच्या यादीत कीबोर्डची जागा ७.०४०च्या जवळ आहे, जुन्या याद्यांत ७.०३५ सापडते, आणि इंटरनेटवर शोधलं की पहिलं येतं ते ७.०७०, कारण याद्या करणारे बहुधा अमेरिकन.

काकांनी आणि मी दोन्ही करून पाहिलं. (माझ्या २० मीटर तारेचं काय केलं ते विचारू नका. ती दोन ठिकाणी वाकली आहे आणि पाण्याच्या टाकीमागून जाते.) ७.०७० वर आम्ही टाइप करायला लागलो की दोन मिनिटांत कुणीतरी मराठीत किंवा तामिळमध्ये वैतागून बोलायचं, ही शिट्टी कसली. त्यांच्या कानांना आमचं संभाषण म्हणजे कुकरच. ते चुकीचे नव्हते, ती त्यांची जागा होती. वर चारच किलोहर्ट्झवर, ७.०७४ ला, एफटी८चा बाजार भरलेला.

एफटी८बद्दल थोडं बोलायला हवं. २०१७मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ही पद्धत आणली. टेलर म्हणजे १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले तेच. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण सिग्नल कॉम्प्युटर उकलतो. इंजिनिअर म्हणून मी या कामापुढे हात जोडतो. पण एका संदेशात मोकळा मजकूर १३ अक्षरांचा. बहुतेक संभाषणं म्हणजे कॉलसाइन, नकाशातला चौकोन (पुण्याचा एमके६८, काकांचा एमके७६), सिग्नलचा आकडा आणि राम राम. जग गोळा करायला उत्तम. गेल्या काही वर्षांत १४.०७० वरच्या रेघा विरळ झाल्या आणि १४.०७४ वर पाय ठेवायला जागा नाही. माणसं गेली तिकडे, त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्याकडे आवाज नाही त्याने १३ अक्षरांत काय सांगायचं? सून कशी आहे, ऊस कधी तुटणार, गिळताना अजून दुखतं का.

पीएसके३१मध्ये अक्षर टाइप होताच समोर उमटतं. खोडलेलं अक्षरही उमटतं आणि मग पुसलं जातं. काका रोमन लिपीत मराठी लिहितात. परवा त्यांनी 'बरा आहे' लिहिलं, मग ते एकेक अक्षर मागे गेलं, आणि त्या जागी 'कंटाळा आला' आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर मला फक्त दुसरं दिसलं असतं. किंवा पहिलंच.

शेवटी आम्ही ७.०४० आणि त्याच्या किंचित वरचा भाग धरला. तिथे मोर्सवाल्यांची वस्ती खाली संपते, बोलणारे अजून सुरू व्हायचे असतात. प्रत्येक वेळी आधी एक मिनिट ऐकायचं, मग जागा रिकामी आहे का विचारायचं, मग टाइप करायचं. जपानमध्ये त्यांच्या स्वतःच्या नियमांमुळे बरेच जण एफटी८ ७.०४१ वर करतात. म्हणून संध्याकाळनंतर, त्यांचे सिग्नल पोचायला लागले की, आम्ही थोडं सरकतो. सकाळी नऊला सहसा कुणी नसतं.

मग नेट चालवणाऱ्या गृहस्थांना मी एक विनंती केली. आता रविवारी हजेरीत काकांचा कॉलसाइन आला की ते थांबतात. मी रेडिओ ७.०४० वर नेतो, काकांनी टाइप केलेलं कागदावर उतरवतो, परत नेटवर येतो आणि मोठ्याने वाचतो. चाळीस-पन्नास सेकंद सगळे गप्प बसून वाट पाहतात. ज्या मंडळींना एरवी दोन सेकंद दम निघत नाही, तीच.

पहिल्या रविवारी मी वाचून परत ७.०४० वर आलो तर काकांची ओळ आधीच आलेली होती: 'एवढा गंभीर आवाज काढून वाचू नकोस. मी असा बोलत नव्हतो.'